बाबांचं केळं

नाईरी,

उद्या शर्यत, म्हणून तुला उठवत नाही. भाजलेली रताळी ओव्हनमध्ये आहेत, सगळी खा. मी तुझ्या बाबांना घेऊन तळ्यावर चाललोय. स्वयंसेवकांची बैठक आहे.

हो, बाबा स्वयंसेवक झालेत. चिडू नकोस. गेल्या वर्षी तू धावताना त्यांनी कुंपणावरून केळं दिलं आणि घरच्यांची मदत घेतली म्हणून पंचांनी तुला बाद केलं. तू त्यांना एका शब्दानं बोलली नाहीस, तेच त्यांना लागलंय. तुझ्यासमोर विषय काढत नाहीत, पण परवा खाटकाला ऐकवत होते, "आमची पोरगी तळ्यात पोहते, मग सायकल, मग अख्खी मॅरेथॉन, आणि सोमवारी शाळेची बस चालवते! तुझ्या पोराला उठून दूध आणवत नाही."

उद्या ते पिवळं जाकीट घालून पाण्याच्या शेवटच्या टेबलापाशी असतील. तिथं केळी सगळ्यांनाच देतात, त्यामुळे नियमात बसतं. आठवडाभर मला अंगणात पळवून केळं द्यायचा सराव केलाय त्यांनी.

खायची इच्छा नसली तरी ते केळं घे.

तुझा डग