काटा हलेपर्यंत

४ जून

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार, वि. वि. खोली मिळाली. खिडकीतून समोरच्या शिंप्याचं मशीन दिसतं, त्यामुळे करमतं. नोकरी सोन्याच्या नाण्यांच्या पेढीवर आहे. दागिने नाहीत, नुसती नाणी. लोक गुंतवणूक म्हणून घेतात आणि तिथूनच परस्पर लॉकरमध्ये ठेवतात. एक आजोबा कितीतरी वर्षं नाणी घेतात, पण एकदाही त्यांनी नाणं हातात धरलेलं नाही. नाणं सीलबंद पाकिटात येतं, मागे शुद्धतेचा दाखला छापलेला असतो. पाकीट फाडलं की भाव कमी मिळतो, हे मी दिवसभर गिऱ्हाइकांना समजावते.

आणि समजावताना मला आपली बेकरी आठवते. माझा निकाल लागला की दादा नाणं घेऊन यायचे आणि दातांनी पाकीट फाडायचे! मग पिठाच्या त्या तबकडीवाल्या काट्यावर ते नाणं ठेवायचं. काटा ढिम्म. दादा मला म्हणायचे, "अजून खा, म्हणजे जड होशील," जणू पारड्यात मीच बसले होते. पुढच्या वर्षी जुनी नाणीही शेजारी ठेवायची. तरी ढिम्म. काटा हलेपर्यंत या नाण्यांना कुणी हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. पाकिटं तू चुलीत घातलीस, हे पेढीवर सांगितलं तर मला कामावरून काढतील.

दादांना पत्र लिहायला सांग. निकालानंतर त्यांची एक ओळही आलेली नाही. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी,
पदवीधर

१५ जून

चि. पदवीधरबाईंस,

अनेक आशीर्वाद. घरात पहिली शिकलेली तू, म्हणून तुझ्यापासून लपवायचं नाही असं ठरवलंय. दादा लिहीत नाही कारण त्याला दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पाव भाजला की नाही हे तो रंगावरून सांगायचा ना? आता मला विचारतो. मी म्हणते बदामी, तो म्हणतो कच्चा बदाम की भाजलेला? परवा अख्खी भट्टी करपली, तर भट्टीलाच शिव्या घातल्या. काल तापल्या पत्र्यावर हात ठेवला. फोड आलाय. कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती, ती मोडली.

डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन लवकर करा, उशीर झाला तर अवघड होईल. मी म्हटलं नाणी मोड. तर म्हणतो, ती तिच्या पुढच्या शिक्षणाची आहेत, आणि काटा कुठे हललाय? तुझा पगार घ्यायचं नावही काढू देत नाही. माझ्या डोक्यात एक आहे. त्याला तसंही दिसत नाही. मी पारड्यावर बोट दाबते आणि ओरडते, हलला! काय म्हणतेस?

आशीर्वाद आहेतच, उत्तर लवकर हवं.

तुझी आत्या

२२ जून

ती. आत्यास,

सा. न. तुझं पत्र जिन्यातच वाचलं आणि तिथेच बसून राहिले.

बोट दाबू नकोस. ज्या बापाने मला परीक्षेत शेजारणीच्या पेपरात बघू नकोस एवढंच शिकवलं, त्याला त्याच्याच काट्यावर फसवायचं नाही. मी पहिल्या पगाराची उचल घेऊन एक नाणं घेतलंय. आजवरच्या नाण्यांपेक्षा मोठं आहे. विम्याच्या पार्सलने पाठवतेय. ते सगळ्यांबरोबर ठेव. काटा खरोखर हलेल, मग दादांना बोलायला जागा उरणार नाही. पुढचं शिक्षण मी नोकरी करून करीन. सोनं लॉकरमध्ये निजलेलं मी रोज बघते. आपलं तरी कामाला येऊ दे.

दादांच्या फोडाला मलम लाव आणि तुझ्या लाडक्या भाचीवर रागवू नकोस.

पदवीधर

२ जुलै

चि. बाईंस,

आशीर्वाद. तुझं पार्सल यायच्या आधीच इथे गोंधळ झाला. एवढं मोठं नाणं येणार, म्हणून मी काटा घासायला घेतला. तबकडीची काच तू लहानपणी फोडलीस, तेव्हापासून पीठ आत जातंय, कुणी बघितलंच नव्हतं. केसांच्या आकड्याने खरवडलं तर काट्याच्या मुळाशी पीठ वाळून दगड झालेलं! ते निघालं. सहज जुनी नाणी ठेवली आणि काटा हलला. जरासा, पण हलला. माझं बोट नव्हतं, तुझी शपथ.

दादाला हाक मारली. विश्वास ठेवेना, तुझ्या आत्याला चांगला ओळखतो. मग मी त्याचं बोट धरून काट्याच्या टोकाला लावलं. मी नाणी काढायची, ठेवायची, आणि काटा त्याच्या बोटाखाली सरकायचा. पुन्हा ठेव म्हणाला. पुन्हा ठेव म्हणाला. शेवटी म्हणाला, म्हणजे पोरगी केव्हाचीच जड झाली होती, आणि मी तिला अजून खा, अजून खा म्हणत राहिलो.

एप्रन काढून म्हणाला, चल. सराफाने पाकिटं नाहीत म्हणून तोंड वाकडं केलं, पण घेतली. पुढल्या आठवड्यात ऑपरेशन. तुझं नाणं नंतर पोचलं, ते मात्र त्याने विकू दिलं नाही.

तुझी (खरं बोलणारी) आत्या

९ ऑगस्ट

चि. सौभाग्यकांक्षिणी वगैरे तुला आवडत नाही, म्हणून नुसतंच

माझ्या पोरीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. अक्षर वेडंवाकडं आहे ते डोळ्यांमुळे नाही, ते पहिल्यापासूनच आहे. डॉक्टरने पट्टी काढल्यावर आधी तुझी आत्या दिसली. बरीच पिकली आहे. तसं तिला म्हणालो, तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पाव बदामी निघतात. भाजलेल्या बदामासारखे.

तुझं नाणं फळीवर पिठाच्या डब्यामागे आहे. पाकिटावरची बारीक अक्षरं मी स्वतः वाचली, मागचा दाखलाही. अजून फाडलेलं नाही. फाडलं की भाव कमी मिळतो हे आत्याने तुझ्या पत्रातून वाचून दाखवलं. मिळू दे.

सुट्टी काढून ये. मी दातांनी फाडीन, तू ते पारड्यात ठेव. काटा आता साफ आहे, पण एकट्या नाण्याने हलायचा नाही, मी डोळे बारीक करून बघेन. मग तुला काय ऐकवायचं ते मला पाठ आहे.

लोभ मोजायला काटा लागत नाही.

तुझा,
दादा