अंजनगावच्या मांडवासमोर सापडलेला आवाज

अमरावती, बुधवार

ती. भाऊजींना चिंतामणचा शिरसाष्टांग नमस्कार.

आपला गुडघा आता जिना चढू देतो असे ताईकडून कळले, बरे वाटले. इकडे आम्ही ठीक आहोत. सौ. हर्षाचा घसा बसल्यामुळे घरात शांतता आहे (त्यामुळेच हे पत्र एका बैठकीत पुरे होईल असे दिसते). फोन न करता पत्र का, असे आपण विचाराल. फोनवर आपण माझ्या दुसऱ्याच वाक्याला बोलायला लागता, आणि माझे म्हणणे साधारण आठव्या वाक्यानंतर समजू लागते.

विषय आपल्या गाडीचा आहे. गाडी उत्तम आहे. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचे आपण निवांत वाचाल.

पुढच्या चाकापाशी कुडुककुडुक वाजू लागले तेव्हा शोरूमवाल्यांनी पुढचे सगळे सस्पेन्शनच बदलायला सांगितले, आणि त्यांचा खर्चाचा अंदाज आपण चष्मा पुसून पुन्हा वाचला होतात. त्या वेळी अकोल्याला जठारपेठेत आपल्या दिवाणखान्यात बसून मीच छातीठोकपणे म्हणालो होतो, की अमरावतीला माझा धर्मेंद्र मिस्त्री आहे, गाडी माझ्याकडे द्या. आपण दिलीत. मी ती जपून आणली. (आपण बजावल्याप्रमाणे गाडीत काही खाल्ले नाही. मूर्तिजापूरला उतरून खाल्ले.)

धर्मेंद्रचे गॅरेज म्हणजे बडनेरा रोडवरचे टिनाचे शेड. तो चांगला भाग कधी बदलत नाही आणि खराब भागही होता होईतो बदलत नाही, त्यामुळे त्याच्याकडे पैसे वाचतात. वेळ मात्र वाचत नाही. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाची गाडी तो स्वतः ढकलत रस्त्यावर नेऊन उभी करतो आणि परत येऊन चहा पितो. आपली गाडी त्याने एकट्याने फिरवून आणली, तर आवाज नाही. मला मागे बसवून फिरवली, तरी नाही. "गुरुजी, कमी वजनात हा आवाज येतच नाई," तो म्हणाला, "मानसं भरून, खराब रस्त्यानं चालवून पाहा लागते. ठिवून जा." मला ते शास्त्रशुद्ध वाटले. ठेवून आलो.

याच सुमारास त्याचा साळा शुभम याचे लग्न ठरले होते. ही मंडळी फुलशेती करणारी, माणसे भली. मुलगी प्रतीक्षा अंजनगाव सुर्जीची, लग्न तिच्याच दारी, आणि ते लावायला मला बोलावणे. अंजनगावला मी कसे यायचे, असे धर्मेंद्रला विचारले, तर म्हणाला, "एसटीनं या ना गुरुजी, आमच्यापाशी गाड्या कुठं आहेत?" म्हणून मी अंतरपाट आणि पूजेची पिशवी मांडीवर घेऊन एसटीने गेलो.

भाऊजी, मी मुहूर्ताच्या बाबतीत कडक आहे हे आपण जाणता. मुहूर्तासाठी मी पंगती थांबवल्या आहेत. त्या दिवशी मुहूर्त जवळ आला तरी नवरदेवाचा पत्ता नव्हता. नवरीचे मामा सहदेवराव आधीच तापलेले. वरपक्षाने आदल्या दिवशी निरोप नीट दिला नाही यावरून त्यांचे बिनसले होते, आणि आता ते म्हणू लागले, की आत्ताच हे असं, तर पुढे पोरीचं काय होईल. दोनचार जण त्यांच्या बाजूला जाऊन उभे राहिले. मला लक्षण बरे दिसेना, म्हणून बाहेर जाऊन पाहिले.

मांडवाच्या अलीकडे, रस्त्यावरच्या खड्ड्यापाशी एक गाडी झेंडूने नखशिखांत झाकलेली उभी होती. मागच्या काचेवर एवढीशी जागा मोकळी होती. तिथे आपण शिकवता त्या कॉलेजचा स्टिकर होता.

धर्मेंद्र नव्या कोऱ्या सदऱ्यानिशी रस्त्यावर आडवा झाला होता आणि त्याचे डोके पुढच्या चाकाआड होते. शुभम बाशिंग बांधून मागच्या सीटवर बसला होता आणि धर्मेंद्रच्या सांगण्यावरून बसल्या जागी वरखाली होत होता. मी जवळ गेलो. "गुरुजी, आवाज आला," खालून धर्मेंद्र म्हणाला. "पण पुरता नाई. नवरदेवाले उतरू देऊ नोका, वजन कमी होते." मी मुहूर्ताची आठवण दिली. त्यावर तो म्हणाला, की मुहूर्त पुन्हा निघेल, हा आवाज पुन्हा निघणार नाही. इतक्या वर्षांच्या पौरोहित्यात मला कोणी असे उत्तर दिले नव्हते.

मागून सहदेवराव आले. त्यांचा आवाज चढला, वरपक्षातल्या एकाचाही चढला. लग्न मोडते की काय असे मला वाटले. तेवढ्यात प्रतीक्षा स्वतः मांडवातून बाहेर आली, हातात वरमाला. तिने काय झाले ते विचारले, गाडीखाली पाहिले, शुभमकडे पाहिले. शुभम बिचारा अजून वरखाली होत होता.

"माह्या वजनानं जमन का?" तिने विचारले.

"पाहा लागन," खालून उत्तर आले.

ती दार उघडून त्याच्या शेजारी बसली. (अंतरपाट धरायच्या आधी वधूवर एका सीटवर. शास्त्रात याला आधार सापडला नाही. मी शोधलाही नाही.) मग सहदेवरावांकडे पाहून म्हणाली, "मामा, तुमी पुढं बसा ना. तुमचं वजन चांगलं आहे." मामा पुढे जाऊन बसले. तिघे एका लयीत वरखाली होऊ लागले. वधू हसू लागली, तिला पाहून वर, आणि शेवटी मामाही. कुडुक, कुडुक, कुडुक. स्पष्ट ऐकू आले. चाकाच्या सांध्यातला, मूठभरसुद्धा नसलेला एक रबरी बुश झिजला होता. धर्मेंद्रने दुसऱ्या दिवशी तेवढाच बदलला.

लग्न मी लावले, मुहूर्त थोडा ताणून. मंगलाष्टके घाईत म्हटली, पण कोणाची तक्रार नाही. बुशाच्या किमतीत त्या शोरूममध्ये चहासुद्धा मिळाला नसता. मजुरी धर्मेंद्रने घेतली नाही. गाडी धुऊन, पुसून माझ्या दारात उभी आहे. कोपऱ्यात कुठे झेंडूची पाकळी सापडली तर तेवढी समजून घ्यावी.

ताईस नमस्कार. आपल्या गुडघ्याला आराम असावा.

आपला,
चिंतामण

ता. क. : गाडी कोणाची, असे मांडवात सहदेवरावांनी विचारले. मी गडबडीत सांगितले, की अकोल्याच्या आमच्या भाऊजींची, प्राध्यापक आहेत, या पोरांच्या लग्नासाठी आपणहून दिली. ते लगेच माइकवरून जाहीर झाले. आता येत्या रविवारी नवे जोडपे मामांसह आपले आभार मानायला जठारपेठेत येणार आहे, बरोबर भाजीची पाटी घेऊन. कृपया आपणहून दिल्यासारखा चेहरा ठेवावा. आपल्या नावाने दिलेली शाल मी स्वीकारली. उबदार आहे.

ता. क. २ : ताई, पत्र तूच आधी उघडशील म्हणून लिहितो. नवरदेवाची ठरवलेली गाडी ऐनवेळी रद्द झाली तेव्हा धर्मेंद्रने तुला फोन केला होता आणि तू "न्या खुशाल" म्हणालीस, हे मी भाऊजींना कळू दिलेले नाही.