संध्याची पावलं

परतवाडा
१८ जानेवारी २०२५

प्रिय संध्याताई,
सप्रेम जय भीम.

इकडे आम्ही बरे आहोत. थंडीनं आईचे गुडघे धरलेत, पण अंगणातल्या उन्हात बसून तूर निवडण्याइतकी ती ठीक आहे. अकोल्यात तुम्ही सगळे मजेत असालच. परवा पेपरात तुझा फोटो बघितला. डोक्यावर पांढरी टोपी, पायात महागडे बूट, मागे आपल्या गावची जुनी नहर आणि वर मथळा, 'हरवलेल्या नहरीची लेक'. आईनं तो कापून भिंतीवर लावला. मला अंगणवाडीचं उत्कृष्ट सेविकेचं प्रमाणपत्र मिळालं होतं, ते अजून गादीखालीच आहे.

फोनवर बोलले असते तर भांडण झालं असतं, म्हणून लिहिते आहे.

२ फेब्रुवारीला तू लोकांना नहरीवरून फिरवणार आहेस, त्या पदभ्रमंतीसाठी तू बाबांची नहरीच्या मोजमापांची वही तीनदा मागितलीस. तीनदा मी सांगितलं, वाळवीनं खाल्ली. ताई, ती वाळवी मीच. बाबा गेले त्या दिवसापासून वही ज्वारीच्या कोठीत होती.

मला तुझा हेवा वाटतो. लिहून टाकलं एकदाचं. बाबा पाटकरी. आठवडाभर कालव्यावर लोकांच्या वावरात पाळीपाळीनं पाणी सोडायचे आणि रविवारी त्या कोरड्या नहरीमागे हिंडायचे. तुला बोट धरून न्यायचे. मी मागे लागले की म्हणायचे, "तू अजून लायनी आहेस माय, तिकडं इचू-काटा रायते." मी दारात बसून राहायचे. तू फ्रॉकच्या ओच्यात बोरं घेऊन यायचीस आणि मला दोन द्यायचीस. मोजून दोन.

मागच्या महिन्यात मी सुट्टी टाकली आणि वही घेऊन एकटीच गेले. तुझ्या आधी सगळी नहर शोधून काढायची, असं मनात होतं. वहीत बाबांनी लिहिलं होतं, 'सांडव्यापासून ३१० पावलं. तिथं दगडी झाकण.' मी मोजत गेले. कुठे चुन्याची भिंत गुडघाभर उरलेली, कुठे नुसतं गवत. तीनशे दहाव्या पावलाला मी थेट एका कपाशीत! लीलाबाई म्हणून एक बाई कापूस वेचत होत्या.

"काय हारपलं व मॅडम?"

"नहर."

"नहर कुठी हारपते? तुमच्या मांगंच रायली नं!"

परत सांडव्यापाशी आले. वही उन्हात धरली तेव्हा पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षर दिसलं : 'पावलं संध्याची.'

तू तेव्हा नऊ वर्षांची होतीस. मग काय करते? चाळीस वर्षांची मी, साडी वर खोचून नऊ वर्षांच्या पोरीची पावलं टाकत निघाले. लीलाबाई हसून हसून खाली बसल्या. तीनशे दहाव्या पावलाला झाकण बरोबर सापडलं. आनंद व्हायला हवा होता. मला तर दगडावर बसून रडू आलं. बाबांनी अख्खी नहर तुझ्या पायांनी मोजली होती, आणि ती शोधायला मला तूच व्हावं लागलं.

घरी येऊन आईवर चिडले. ती तूर निवडता निवडता म्हणाली, "काहून जळून रायली वं तिच्यावर? तुलेबी त नेलं होतं त्यायनं एक डाव. खांद्यावर."

मला वाटलं, समजूत काढते आहे. पण वहीचं शेवटचं पान पुठ्ठ्याला चिकटलेलं होतं, ते मी कधी उघडलंच नव्हतं. भाताच्या वाफेवर धरून सोडवलं. एका बाजूला नहर जिथं संपते त्या हौदाचा नकाशा आहे. दुसऱ्या बाजूला एवढंच :

'संध्याला ताप. पौर्णिमा खांद्यावर, झोपली. पावलं माझी, ४४०.'

मला यातलं काहीही आठवत नाही, ताई. जन्मभर तुझ्यावर जळले, आणि ज्या एका दिवशी मी गेले त्या दिवशी झोपून गेले.

वही सोबतच्या पार्सलमध्ये आहे. शेवटचं पान त्यात नाही. ते मी फाडून ठेवलंय आणि तू मागितलंस तरी देणार नाही. त्यामुळे तुझा नकाशा हौदाच्या चारशे चाळीस पावलं अलीकडेच संपेल. पुढचं बघायचं असेल तर एक दिवस आधी घरी ये, टोपी न घालता. मी चालून बघितलंय, माझं पाऊल बाबांच्या पावलाला जुळतं. मी मोजत पुढे चालेन. तू मागून ये.

एकदाच का होईना, बाबांच्या खांद्यावरची,
पौर्णिमा

ता. क. बोरं पिकली आहेत. दोनच देईन.