टॅक्सीत बसायची तालीम

५ नोव्हेंबर १९९९, शुक्रवार. वादी कबीर, मस्कत

अ‍ॅश्लीने आज माझ्या बहिणीला चालत्या गाडीत मारलं. माझ्यासमोर!

निझवा दाखवायला नेत होता. रस्त्यात एक वळण चुकलं. नकाशा व्हेनेसाच्या मांडीवर होता. त्याने डावा हात स्टिअरिंगवर ठेवला आणि उजवा उलटा फिरवला, तिच्या तोंडावर. गाडी जराही हलली नाही. सवयीचा हात. ओठ फुटला. माझ्या शेजारी त्यांची मुलगी लिझ खिडकीबाहेर बघत राहिली. पाच मिनिटांनी तो म्हणाला, "ताई, डावीकडे बघा, खजुराच्या बागा. फोटो काढायचा असेल तर थांबवतो."

मी फोटो काढला. का काढला? लिहिता लिहिता सापडेल म्हणून लिहिते आहे. सापडत नाही.

निझवात बकऱ्यांचा बाजार होता. गोल फिरवून लिलाव करतात. एकाने बोकडाला पायांनी उचलून पिकअपमध्ये भिरकावलं, डोकं पत्र्यावर आपटलं. व्हेनेसा केवढ्याने दचकली! स्वतःच्या ओठाला दचकली नव्हती.

६ नोव्हेंबर

कधीपासून, म्हणून विचारलं. "ताई, तू महिन्याभराची पाहुणी. फिर, मजा कर." तेवढ्यात लिझ अडखळत म्हणाली, "मावशी, डॅडी वाईट नाही आहे. मम्मा स्लो आहे."

नऊ वर्षांची पोर!

७ नोव्हेंबर

साखरपुड्याच्या दिवशी आमच्या विहिरीपाशी त्याने कुत्र्याला लाथ घातली होती. पोटात, बुटाने. कुत्रं परत उठलं नाही. पाहिलं फक्त मी. कोणाला बोलले नाही. मस्कतची नोकरी, चांगलं घर — असं स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं. मी बिनलग्नाची थोरली. 'हिला धाकटीचा हेवा वाटतो' म्हणतील, ही भीती. अकरा वर्षांनी लिहिते आहे.

९ नोव्हेंबर

व्हेनेसा इथे एकदाही टॅक्सीत बसलेली नाही. चर्च, बाजार, शाळा — सगळं त्याच्या गाडीतून, त्याच्या वेळेला. आता पाहुणीने वाटा शोधायच्या! खालच्या मजल्यावरच्या खुदेजाबाईंनी शिकवणी घेतली. त्या रत्नागिरीकडच्या, इथे वीस वर्षं. "बाय, भाडं विचारायचंच नाय. विचारलंस की तो वळखतो, नवी हाय. गावाचं नाव घ्यायचं, मागं बसायचं, उतरताना नोट हातात ठेवायची. नि हसायचं नाय, कळलं? तू लई हसतेस."

गेले. नारिंगी-पांढरी टॅक्सी दिवे चमकवत थांबली. मागे बसलेला माणूस न सांगता उतरून पुढे जाऊन बसला, मागची सीट मला एकटीला. रुवीला पोचले. हसले नाही. आत मात्र हसत होते!

११ नोव्हेंबर

भर दुपारी. शर्टाची कॉलर नीट झाली नाही म्हणून त्याने तापलेली इस्त्री फेकली. चुकली. भिंतीला खड्डा पडला. मग पट्टा काढला. तो चुकला नाही. मी मधे गेले. त्याने मला हात लावला नाही. नम्रपणे म्हणाला, "ताई, तुम्ही आत बसा."

मी आत बसले. बारा फटके मोजले. मी आत बसले!

१३ नोव्हेंबर

विमानाची तिकिटं काढून आणली, तिघींची, १७ तारखेची. तो वर्कशॉपमधून सहाला येतो. तेवढ्या वेळात तालीम.

आज तिला नाक्यावर नेलं. तीन टॅक्स्या आल्या, तीन गेल्या. प्रत्येक पांढरी गाडी तिला त्याचीच वाटते.

१४ नोव्हेंबर

बसली! रुवीपर्यंत. पूर्ण वेळ दाराची कडी धरून.

१५ नोव्हेंबर

रुवीत टॅक्सी बदलून थेट मवालेहच्या भाजीबाजारात. कोबी घेतला, नावाला. बाजार गौण, त्या रस्त्यावर आधी विमानतळ लागतो. तिने मान वळवली नाही, पण माझा हात दाबला. परतीच्या टॅक्सीत म्हणाली, "खुदेजाबाईंना सांगू या, मीपण नाही हसले." आणि दोघी हसलो.

१६ नोव्हेंबर

कोबी कुठून आला, असं त्याने विचारलं. तिने खुदेजाबाईंचं नाव सांगितलं. त्याने तिची करंगळी स्वयंपाकघराच्या दारात धरली आणि दार लावलं. शांतपणे. कोबी घेणारी मी!

१७ नोव्हेंबर. सीब विमानतळ

विमानाला दोन तास आहेत. आत्ताच लिहिते, उद्या मी याला दुसरं नाव देईन.

टॅक्सी थांबली. लिझ बसली. व्हेनेसा दार धरून उभी.

"ताई, त्याचं जेवण... कुकरसुद्धा लावला नाही."

"बस."

"पुढच्या आठवड्यात जाऊ. नक्की."

"व्हेनेसा, बस."

ड्रायव्हर घाई करू लागला, "यल्ला, मदाम, यल्ला!" मागे हॉर्न. ती वळली आणि घराकडे चालू लागली.

मी धावत जाऊन तिला मारलं. थोबाडीत. जोरात. त्याच फुटलेल्या ओठावर.

ती ओरडली नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. लगेच म्हणाली, "सॉरी. सॉरी, माझं चुकलं," आणि मुकाट्याने टॅक्सीत जाऊन बसली. लिझ खिडकीबाहेर बघत होती.

दुसरा उपाय नव्हता, असं आत्ता लिहिणार होते. खोडलं. हात उचलण्याआधी मला माहीत होतं — मारलं की ती ऐकेल. कसं मारलं की ऐकते, हे मी बारा दिवस बघतच होते.

तिच्या हनुवटीवर रक्त आहे. शेजारी बसली आहे. मी पुसायला गेले तर तिने डोळे मिटून घेतले.

१९ नोव्हेंबर. वसई

त्याचा फोन. "आणून सोडा, ताई. नाहीतर येऊन दोघींना कापून टाकीन." भीती वाटली नाही, असं तिला सांगितलं. वाटली.

२२ नोव्हेंबर

व्हेनेसा सातपासून कपडे करून दारापुढच्या ओट्यावर उभी होती. चर्चमध्ये सकाळच्या मिस्साला जायचं म्हणून. घंटा झाली तरी उभीच. मी विचारलं, "अगं, जात का नाहीस?"

"तू अजून जा म्हणाली नाहीस."