हार घातलेली नूतन

प्रिय आई,

हे पत्र तुले पाठवायची हिंमत नाही, कारण यात मी तुले मारून टाकलं आहे.

चिडू नको. सक्करदऱ्याच्या खोलीत मी नूतनचा मोठा ब्लॅक अँड व्हाइट फोटो लावला. घरमालकीण शामलाकाकूंनी विचारलं, "आई का गा तुही?" अभ्यास सोडून जुन्या हिरोइनी पाहतो, हे कसं सांगू? मी मुंडी हलवली. दुसऱ्या दिवशी फोटोले हार आला आणि मले जेवणाचं ताट. वर्षभर तुह्या नावावर मी झुणका-भाकर खाल्ली.

आता तू रविवारी येऊन राहिली, म्हणून काल मी काकूंले सगळं खरं सांगितलं. त्या भाकर थापता थापता म्हणाल्या, "नूतनले मी नाही ओळखत का? तिच्यापायी कॉलेज बुडवलं म्या. मी तर गंमत केली होती, हारही तिलेच घातला. अन् दोन घास खाऊ घालाले तुही आई मेलेलीच पाहिजे का गा?"

तू बिनधास्त ये. फक्त काकूंनी तुले पाहून हसत हसत विचारलं, "आता तब्येत कशी आहे?" तर त्या काहून विचारून राहिल्या, ते मले विचारू नको.

तुहा गुटगुटीत झालेला,
दुर्गेश