ख गावाची तूर

११ डिसेंबर, मुकुटबन
लॉजची खोली बरी. समोरून कापसाच्या गाड्या जातात, उशीवर तंतू.
काम असं. सरकारनं क गावाला दाळमिल दिली. तिनं कुणाचं भलं झालं का, ते आपण पाहायचं. त्यासाठी जवळचंच दुसरं गाव घ्यायचं. जमीन तशीच, माणसं तशीच, फक्त मिल नाही. ते ख. दोन्हीकडे तेच प्रश्न, आता एकदा आणि पावसाळ्यात एकदा. मधे जो फरक पडेल तो मिलचा.
पुण्याच्या आमच्या संस्थेचे सर याला सुंदर म्हणतात. आहे सुंदर. ओळीतला एकच शब्द काढून ओळ पुन्हा वाचावी, तसं.
गावांची नावं अहवालात येणार नाहीत. इथेही नको.

१२ डिसें.
क गाव. मिल बचत गटाच्या अध्यक्षबाईंच्या घरामागे, ताडपत्रीखाली. तिला शेळ्या बांधलेल्या. उद्घाटनाचा हार वाळून तसाच. बाईंना विचारलं, उत्तर नवऱ्यानं दिलं.
"चालते ना मॅडम. दणक्यात चालते. सध्या बंद हाय."
कधीपासून?
"उद्घाटन झालं तवापासून."
मागे एक बाई फिस्सकन हसली. त्यानं वळून पाहिलं, ती आत गेली.
तूर निघाली की लगेच बाजारात. मिल यायच्या आधीही हेच. लिहून घेतलं.

१३ डिसें.
ख गाव. बचत गटाच्या अध्यक्ष प्रभाताई. जयभीम झाला, आणि चहाच्या आधी मला खोली दाखवायला नेलं. भिंती बायकांनीच उचलल्यात, रेती नाल्यातली. मधोमध सिमेंटचा ओटा, त्यातून वर आलेले बोल्ट. यांनाही मिल मंजूर आहे, दुसऱ्या खात्याकडून. फेब्रुवारीत येणार.
बोल्टांना चिंध्या गुंडाळल्यात. गंज लागू नये म्हणून.
तिची मैत्रीण शांताबाई म्हणाली, "रोज येऊन तेल लावते व माय. नवऱ्याच्या डोस्क्याले कधी लावलं नाई इतकं."
प्र. हसली नाही. म्हणाली, "आमी तूर इकतो आन् दाळ इकत आनतो. मधातला पैसा कोनाच्या घरी जाते, मॅडम?"
यंदा गटातलं एकही घर हंगामात तूर विकणार नाही. मिल आली की दाळ करून वणीला न्यायची. प्र.नं घरोघर जाऊन कबूल करून घेतलंय. काही सासवांनी शिव्या दिल्या. तिनं ऐकून घेतल्या.
जेवण त्यांच्याकडेच. सोल्यांची, म्हणजे ओल्या तुरीच्या दाण्यांची भाजी, भाकर.

१४ डिसें.
सरांना फोन. खोली, ओटा, फेब्रुवारी, सगळं सांगितलं.
"मग तो ख राहिलाच नाही."
गाव बदलू या म्हटलं. आता वेळ नाही म्हणाले. बघतो म्हणाले.
संध्याकाळी त्यांचाच फोन. सरकारी साहेबांशी बोलणं झालंय. ख ची मिल पुढच्या टप्प्यात, पावसाळ्यानंतर. "कुणाचं काही काढून घेतलेलं नाही. फक्त उशीर."
मी म्हटलं, त्या तूर ठेवून बसणार आहेत. निदान तेवढं कळवू.
"नाही. कळवलं की त्यांचं वागणं बदललं. मग आपण काय मोजतोय? आपण विचारायचं, सांगायचं नाही."
वाक्य आवडलं. मग आवडलं नाही.
मी बोलले नसते तर सरांना कळलं नसतं.

२२ फेब्रुवारी
ख. सरांनी नुसतं बघून यायला सांगितलं होतं. घरात जागा पुरेना म्हणून सगळ्यांनी तूर मिलच्या खोलीत आणून टाकलीय. पोत्यांवर पोती, आढ्याला टेकलेली. ओटा मात्र मोकळा सोडलाय, त्याच्याभोवती चालायला वाट.
प्र. म्हणाली, "हापिसात म्हनते, फाइल वर हाय. वर म्हंजे कुठं, मॅडम?"
मला माहीत नाही, म्हटलं.
"तुमी पुन्याच्या लोकाईत राह्यता. इचारून पाहा ना जरा."
विचारते, म्हटलं. पोळीबरोबर गूळ दिला तिनं. खाल्ला.

६ एप्रिल
प्र.चा फोन, मी यवतमाळला घरी. वणीचा व्यापारी गाडी घेऊन दारात उभा. भाव चांगला देतोय. निम्म्या बायका द्यायला तयार.
"देऊ का थांबू? तुमी पाहून राह्यल्या ना मॅडम, दोन्ही गावचं. तुमाले अंदाज असन."
कॉलेजात तासिकेवर होते तेव्हा मी शोकांतिका शिकवायचे. निरोप वेळेवर पोचत नाही आणि सगळे मरतात. मुलं जांभया द्यायची.
म्हटलं, "तुमचं तुम्ही ठरवा, ताई."
"म्हंजे थांबा म्हनता."
मी काही म्हणाले नाही. तिनं गाडी परत पाठवली.

२ जुलै
दुसरी फेरी. ख.
खोलीचं दार उघडलं आणि आत सगळीकडे भुंगे. पोत्यांखाली पिठाचा थर. दाणा हातात घेतला तर आरपार भोक.
शांताबाई दारात टेकून. "पाहा मॅडम, आली आमची मिल. लाइट लागत नाई, मोटर लागत नाई. रातंदिवस दळून राह्यली." बाया हसल्या. प्र. त्यांच्यातच उभी होती. तिच्या अंगावर लुगडं कालचंच असावं.
पिशवीभर वेचून घरी नेली काहींनी. बाकीची ढोरांच्या खाद्याच्या भावात गेली, त्याच व्यापाऱ्याला.
प्रश्न विचारले. मागील वर्षाच्या तुलनेत उत्पन्न: वाढले, तेवढेच, घटले. घटले. घटले. पुढच्या घरी घटले.
प्र.च्या सासूनं मला पाणी दिलं नाही. प्र.नं दिलं. प्रत्येक प्रश्नाचं उत्तरही दिलं, नीट, मला लिहायला वेळ देत.

३ जुलै
क. तेवढेच. तेवढेच. शेळीला दोन पिल्लं झालीयत, तीही मिललाच बांधलेली.

१४ ऑगस्ट, पुणे
सरांनी पडद्यावर दोन रेघा दाखवल्या. एक सरळ चाललेली, एक खाली उतरणारी.
"क सावरलं, ख कोसळलं. मधलं अंतर म्हणजे मिल. इतका स्वच्छ परिणाम मी फार कमी वेळा पाहिलाय."
क ची मिल बंद आहे, मी म्हटलं.
"तो अंमलबजावणीचा मुद्दा. वेगळं प्रकरण."
आणि ख कोसळलं ते आपण त्यांची—
"बाई, कारण आपल्या प्रश्नावलीत नाही."
ऑफिसातली बाकीची माणसं माझ्याकडे पाहत होती. रागानं नाही. जेवायची वेळ झाली होती.
क गावाची यशोगाथा मी लिहायची आहे. "तुमची भाषा चांगली आहे."

१७ ऑगस्ट
लिहिली. एका पानात बसली. 'आज या गावातील महिला ताठ मानेने', इथे थांबले. मग पूर्ण केलं. वाईट लिहायचा प्रयत्न केला होता. जमला नाही.

२६ सप्टेंबर, नागपूर
सादरीकरण. साहेब खूश. क सारख्या मिली आता आणखी गावांना. परिणाम टिकतो का ते पाहायला तिसरी फेरीही मंजूर. तोवर ख 'आहे त्या स्थितीत', म्हणजे मिलशिवाय ठेवावं, असं सर म्हणाले. साहेबांनी मान हलवली. एवढ्यात झालं. नंतर बासुंदी होती.

१९ ऑक्टो.
प्र.चा फोन. आता ती अध्यक्ष नाही. गटानं शांताबाईला केलंय.
"हापिसातला बाबू बोलून गेला, मॅडम. तुमच्या सर्वेसाठी थांबवली म्हने मिल. तुमाले माहीत होतं?"
हो.
"कवापासून?"
पहिल्यापासून.
"गाडी दारात उभी होती तवा?"
हो.
"बरं."
फोन तिनं ठेवला नाही. मीही नाही. मागे कुणीतरी कोंबड्या हाकलत होतं. मग आपोआप कट झाला, बहुतेक तिचे पैसे संपले.

९ जानेवारी
तिसरी फेरी. सर स्वतः आले, नवीन बूट घालून. सगळ्या बाया समाजमंदिरासमोर आधीच बसलेल्या. सरांना बरं वाटलं. "बघा, सहभाग."
शांताबाईनं त्यांना खुर्ची दिली. "बसा सर. पानी घ्या. आज आमी इचारतो."
सर हसले. विचारा, म्हणाले.
"घरात मानसं किती?"
"चार."
"कमावते?"
"मी. आणि मिसेस."
"कमावते दोन," शांताबाई मागे वळून ओरडली, जणू कुणी लिहितंय. "मागच्या सालापेक्षा तुमचं वाढलं, तेवढंच हाय, का घटलं?"
"वाढलं म्हणायचं."
"काहून वाढलं?"
सर माझ्याकडे बघू लागले. बाया खदखदल्या. एका म्हातारीनं पदर तोंडात कोंबला.
"सांगा ना बाप्पा. लाजता कायले? आमी नाई लाजलो."
प्र. सगळ्यांच्या मागे उभी होती, कमरेला विळा. हसत नव्हती. म्हणाली, "झालं? उठा आता. तूर कापाची हाय."
आणि त्या उठल्या. सगळ्या. माझ्या फॉर्मवर एक अक्षर नाही. प्र. माझ्या अगदी जवळून गेली. वाटेतल्या झाडाला घालावा तसा वळसा घालून.
गाडीत सरांनी बुटांची माती झटकली. मग म्हणाले, "ख सोडून देऊ. आर्णीकडे एखादं गाव बघा. काहीही न आलेलं, आणि येणार नसलेलं. नीट खात्री करा या वेळी."
मग आता यांना मिल द्यायला हरकत नाही?
"आपली हरकत होती कधी?"

१२ जाने., यवतमाळ
स्वतःच गेले, मिल देणाऱ्या खात्याच्या ऑफिसात. साहेब दौऱ्यावर. बाबू भला माणूस, बसा म्हणाला. मिल गोदामातच आहे, पॅकिंगसुद्धा फोडलेलं नाही. पण मार्चनंतर राहायची नाही, तोवर नाही उचलली तर दुसऱ्या तालुक्यात.
मग सोडा ना, म्हटलं.
"कसं सोडू मॅडम? थांबवा म्हून तोंडी आलतं. तोंडावर थांबते. चालू कराले लेखी लागते."
कुणाचं?
"ज्यायनं थांबवली त्यायचं. का थांबवली होती, आता काहून सोडता. संस्थेचा शिक्का पाहिजे."
शिक्का सरांकडे. सरांच्या मते आपण काही थांबवलंच नव्हतं.
मी लिहून दिलं तर चालेल? माझ्या सहीनं, ख मधे मीच गेले होते म्हणून?
त्यानं बराच विचार केला. "द्या तर खरं. मी लावतो फाइलले. चालन का नाई, ते साहेब पाह्यतीन. पन तुमी कामावर राहान का मंग?"
कागद त्यानंच दिला. टेबलाशी बसून पहिली ओळ लिहिली, 'महोदय'. पुढचं वाक्य सरळ आहे. कर्ता, कर्म, क्रियापद. कर्त्याच्या जागी 'आम्ही' लिहू की 'मी', तिथे पेन थांबलं. चहाची सुट्टी संपली, त्याला टेबल हवं होतं.

१३ जाने., आर्णीच्या एसटीत
दुपारी नवीन ख बघायचं आहे. सरांनी तीन नावं दिलीत. अट तीच, काही आलेलं नसावं.
दोन्ही बाजूला तूर उभी. काही शेतांत कापणी लागलीय.
कागद पर्समध्ये. महोदय.
प्र.चा फोन येतोय. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा. वाजून बंद झाला. आता पुन्हा वाजतोय—