निताच्या लेकरांची घरशाळा

१७ नोव्हेंबर २०२५, सोमवार
बहीण निता अन् रणजीत दाजी आज ऊसतोडीला गेले. दर साली त्यांची दोन्ही लेकरं, शिला अन् रुद्र, संगं फडावर जातेत अन् अर्ध्या वर्षाचा अभ्यास बुडतो. औंदा मी त्यांना तांड्यावरच ठेवून घेतलं. होमस्कूलिंग. पुण्यात सिक्युरिटीत होतो तवा एका बंगल्यातली पोरं अशीच शिकायची. गेटवरून मी अख्खी सिस्टीम पाहून ठेवली.
निता म्हणली, तू स्वतः दहावीला तीनदा बसलास. मी म्हणलं, म्हणूनच अनुभव जास्त. तिची अट एकच. फेब्रुवारीत भावकीतल्या लग्नाला येते, तवा शिलाला धडाधड वाचता आलं न्हाई तर दोघांना फडावर घेऊन जाते.
शिलानं माझं बोट तेवढं घट्ट धरलं. उसाच्या पाचटानं तिच्या अंगाला फोड येतेत.

१८ नोव्हेंबर
टाइमटेबल केलं. सहाला योगा, सात ते नऊ गणित, मग भाषा, मग जग. चार रंगांचे स्केचपेन. रेघा मारण्यातच दिवस गेला. शिकवणं उद्यापासून.
तांड्यावरच्या शाळेचे भीमराज गुरुजी आले. म्हणले, योगेश, शाळा हाकेवर हाय, लेकरं पाठव की. मी नम्रपणे सांगितलं, आमची पद्धत वेगळी हाय. चेहरा पडला. कॉम्पिटिशनची भीती.

२१ नोव्हेंबर
उठायला साडेनऊ. योगा रद्द.
साधनांशिवाय शिकवणं म्हणजे बियाण्याविना पेरणी. जवळा बाजारला तक्ते आणायला गेलो. तिथं विकास भेटला, सोयाबीनच्या टेम्पोवर असतो. म्हणला, नांदेडला भारी मिळतेत, बस टेम्पोत.

२७ नोव्हेंबर
नांदेडहून आलो. मधी टेम्पोला दुसरं भाडं लागलं म्हणून लातूरबी झालं. तक्ते दोन आणले. एक पक्ष्यांचा, एक आतड्यांचा. बाराखडीचा राहिला. तशी घाई न्हाई.

४ डिसेंबर
निरीक्षण. मी उठतो तवा लेकरं घरात नसतेत. दहाच्या आत गायब, पाचला हजर. आमच्या याडीला, म्हंजे आईला, विचारलं. ती म्हणली, हिंडून राहिले असतील, मामाचंच रगत हाय. बराबर. बंगल्यातल्या पोरांनाबी बागेत मोकळं सोडायचे. न सांगता माझी पद्धत चालू झाली.
रुद्रच्या शर्टावर रोज खिचडी सांडलेली. कोणाच्या तरी घरी जेवतेत. समाजातून शिक्षण.

१२ डिसेंबर, सकाळी ११
पृथ्वीचा गोल पाहिजेच. औंढ्याला निघालो. संध्याकाळपर्यंत परत.

२० डिसेंबर
परत आलो. औंढ्यात देवळापाशी हैदराबादकडची मंडळी भेटली. मला तेलुगू कामापुरतं येतं. म्हणले, परळीचा रस्ता दाखव. दाखवला. तिथून पुढंबी दाखवला. गोल मिळाला न्हाई, पण भूगोल स्वतः फिरून तपासला. त्याशिवाय शिकवू नये.
घरी आल्यावर नवल. अडखळत वाचणाऱ्या शिलानं भिंतीवरचं टाइमटेबल घडाघडा वाचलं. मी अजून एक अक्षर शिकवलं न्हाई. नुसतं चिकटवल्यानं एवढा फरक. वाचून झाल्यावर म्हणली, मामा, ह्याच्यात तू झोपायचा तास कुठं लिहिला?

२ जानेवारी
संकल्प. रोज एक तास शिकवणे, काही झालं तरी. बाराचा पाढा घेतला. बारा सत्ते शहाऐंशी. शिला हळूच म्हणली, चौऱ्याऐंशी. मी म्हणलं, शाबास, मुद्दाम चुकवलं होतं. वीस मिनिटांत थांबलो. लेकरांवर ताण नको.

७ फेब्रुवारी, शनिवार
निता आली. मांडवातच शिलाच्या हातात लग्नपत्रिका दिली, वाच म्हणली. शिलानं वाचली. गणपतीपासून 'आपले विनीत'पर्यंत, पाहुण्यांच्या सगळ्या नावांसकट. निताचे डोळे भरले. मी उठून माझ्या पद्धतीवर दोन शब्द बोललो.
निता म्हणली, रुद्र, मामानं कसं शिकवलं रं? रुद्र म्हणला, गुरुजीनं शिकवलं. मामा तर टेम्पोवर हुता.
याडी पोट धरून हसली. म्हणली, दुसऱ्या दिवसापासून मीच सोडून येते शाळेत. ह्याला काहून सांगू? ह्यानं शाळेलाबी टाइमटेबल लावलं असतं.
गुरुजी खाली पाहून जेवत होते. मी ठरवलं, त्यांना माफ करायचं.
निता म्हणली, लेकरं हितंच राहतेत. मग माझ्याकडं पाहिलं. दाजी म्हणले, टोळीत एक माणूस कमी पडून राहिला.

९ फेब्रुवारी, सोमवार
फडावर निघालेल्या ट्रकमधून लिहितो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मी एकटा, म्हणून मुकादमानं अर्धा कोयता लिहिलं. शिक्षणाबद्दल सांगायला लागलो, तवर त्यानं पुढचं नाव घेतलं.
याडी वेशीपर्यंत आली. लेकरं आली न्हाईत. दहा वाजून गेले होते, त्यांची शाळा भरली होती.